‘संशोधनातून सिद्ध झालंय’ म्हणे. पण कसं?

दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि हॉकिंग बरोबर ठरला. रोमन लोकांचं काँक्रीट स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवतं. नागिणीची लस घेतली तर म्हातारपणी स्मृतिभ्रंश व्हायची शक्यता कमी होते. फिरायला गेलात तर वय हळू वाढतं. गेल्या दोन-तीन वर्षांत या सगळ्या बातम्या पेपरातून आणि व्हॉट्सॲपवरून आपल्यापर्यंत आल्या आणि प्रत्येकीवर शिक्का एकच होता: संशोधनातून सिद्ध.

कोल्हापुरात असं काही कानावर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुणी बघितलंय?’ विचारणारा चेष्टेत विचारतो, पण प्रश्न रास्त आहे. कारण यातल्या एका बातमीमागे दहा वर्षांची मोजणी आहे, एकीमागे एका सरकारी परिपत्रकातली तारीख आहे आणि एकीमागे एकाही माणसाची तपासणी झालेली नाही. शिक्का मात्र तिघींवर तोच.

सगळ्यात लांबची गोष्ट आधी घेऊ. १४ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांनी एक गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशाला किंचित ताणत-आक्रसत जाणारी लहर, टिपली. साधारण १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत शेवटी एक झाली, त्याची ती लहर. दोन्ही कृष्णविवरं सूर्याच्या जवळपास ३३ पट वजनाची होती. कृष्णविवराला जमिनीसारखा टणक पृष्ठभाग नसतो. त्याला एक सीमा असते आणि ती ओलांडून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही. या सीमेला क्षेत्रफळ असतं. स्टीफन हॉकिंगने १९७१ मध्ये गणिताने दाखवलं की कृष्णविवरं एकमेकांत मिसळली तरी त्यांच्या सीमांचं एकूण क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही.

हे गणित कागद-पेन्सिलीने करून बघता येतं. क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ३३ चा वर्ग १०८९, दोघांचे मिळून २१७८. आता दोन्ही एक झाली. बेरीज ६६ व्हायला हवी होती, पण उरले सुमारे ६३. मधलं तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपात विश्वात उधळलं गेलं. ६३ चा वर्ग ३९६९. म्हणजे वस्तुमान घटलं, तरी क्षेत्रफळ वाढलं. (नवं कृष्णविवर स्वतःभोवती वेगाने फिरत असतं आणि त्या फिरण्याने क्षेत्रफळ थोडं आक्रसतं. तरीही ते २१७८ च्या बरंच वर राहतं.) फिरणं बाजूला ठेवलं तर हॉकिंगच्या नियमाने मोकळीक किती होती, तेही काढता येतं. २१७८ चं वर्गमूळ सुमारे ४७. म्हणजे ६६ पैकी १९ सूर्य उधळले असते तरी नियम शाबूत राहिला असता. त्याहून जास्त उधळले असते तर हॉकिंग चुकला असता.

प्रत्यक्षातले आकडे असे: आधी दोन्ही सीमांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर एकाचं जवळपास ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. दोघं मिळून राज्याला पुरत नव्हते, एक झाल्यावर राज्य झाकून उरलं.

पण थांबा. हे गणित आपण आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर विसंबून केलं. त्याच सिद्धांताने आधीचं वजन काढायचं, त्यावरूनच नंतरचं काढायचं आणि ‘बघा, नियम पाळला’ म्हणायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी लहरीचे तुकडे केले. घिरट्या चालू असतानाचा सुरुवातीचा भाग वेगळा घेतला आणि त्यावरून आधीचं क्षेत्रफळ काढलं. टकरीचा मधला गोंधळाचा भाग सोडून दिला. नवं कृष्णविवर जन्मल्यावर काही क्षण थरथरतं आणि शांत होतं. त्या थरथरीचा सूर आणि तो किती लवकर विरला यावरून नवं वजन आणि फिरण्याचा वेग कळतो. शेवटच्या भागातून हे स्वतंत्रपणे काढलं आणि मग दोन उत्तरं शेजारी ठेवली. सगळी कसोटी या शेजारी ठेवण्यात आहे.

हीच युक्ती २०१५ मध्ये सापडलेल्या पहिल्यावहिल्या लहरीवर आधीच वापरली गेली होती. २०२१ मध्ये त्याचं उत्तर आलं: हॉकिंग बरोबर, खात्री ९५ टक्के. वीसात एक शंका उरत असेल तर अशा नियमाला कुणी पक्का म्हणत नाही. अडचण शेवटच्या थरथरीची होती, ती फार क्षीण होती. अंबाबाईच्या किरणोत्सवात एखाद्या वर्षी मावळतीची किरणं देवीच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतात आणि एखाद्या वर्षी पायाशीच लोपतात. सूर्य तोच, तारीख तीच, पण हवेतली धूळ, क्षितिजावरचा ढग, वाटेतलं एखादं बांधकाम आड येतं. लायगोची मधली दहा वर्षं असेच अडथळे दूर करण्यात गेली. जमिनीची कंपनं, आरशांच्या लेपातली अणूंची चुळबुळ, खुद्द लेसरच्या प्रकाशातली सूक्ष्म अनिश्चितता असं एकेक कमी करत नेलं. चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान फरक मोजायचा, तर यातलं काहीच क्षुल्लक नसतं. पहिली लहर यंत्रातल्या गोंगाटापेक्षा सुमारे २४ पट ठळक होती, २०२५ ची ८० पट. निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा खात्री ९९.९९९ टक्क्यांवर गेली होती. पहिल्या लहरीची बातमी ऐकून हॉकिंगने लायगोच्या किप थॉर्न यांना विचारलं होतं, यातून माझा नियम तपासता येईल का? तो २०१८ मध्ये गेला. उत्तर त्याच्यामागे सात वर्षांनी पक्कं झालं.

या विषयाशी कोल्हापूरचं नातं ओढूनताणून जोडावं लागत नाही. विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ मध्ये इथेच जन्मले आणि बनारसला राहून आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर काम करत राहिले, तेही हा विषय जगात फार थोडे लोक करत असताना. तेज बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं जे सूत्र आज ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून जगभर वापरतात, ते प्र. चु. वैद्यांनी बनारसला नारळीकरांबरोबर काम करताना मांडलं. विष्णु नारळीकरांचे पुत्र जयंत नारळीकर, जन्म १९३८, तोही कोल्हापूरचाच. त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आता लायगो-इंडियाच्या उभारणीत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या या वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले, तेव्हा ती लहर टिपून चार महिने झाले होते आणि निकाल यायला अजून चार महिने होते.

नवे-जुने पदार्थ बनवून तपासायच्या शास्त्रात, म्हणजे मटेरियल सायन्समध्ये, दहा वर्षं थांबावं लागत नाही. तिथे खरं-खोटं काही आठवड्यांत होऊ शकतं, कारण दुसरा माणूस तोच पदार्थ स्वतःच्या भट्टीत करून बघू शकतो. जुलै २०२३ आठवा. दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी एलके-९९ नावाचा करडा-काळा दगड जगापुढे ठेवला. साध्या तापमानाला यातून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते, असा त्यांचा दावा होता. खरा ठरता तर विजेचा सगळा धंदाच बदलला असता. शिसं, तांबं, फॉस्फरस ही सामग्री कुठेही मिळणारी, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा त्याच आठवड्यात कामाला लागल्या. ऑगस्ट संपायच्या आत उलगडा झाला: विशिष्ट तापमानाला अडथळा एकदम घसरल्यासारखा दिसत होता, तो त्यात अशुद्धी म्हणून राहिलेल्या तांबं-गंधकाच्या संयुगाचा प्रताप होता. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. ओतकामात गंधक जरा वाढलं की माल कसा दगा देतो ते त्यांना पाठ असतं. माझ्या मते एलके-९९ ची गोष्ट विज्ञानाच्या फजितीची नाहीच. विज्ञान इतक्या झटपट आणि इतक्या उघड्यावर काम करताना क्वचितच दिसतं.

रोमन काँक्रीटचं तसं झालं नाही, ते टिकलं. रोममधला पॅन्थिऑनचा घुमट सुमारे १९०० वर्षं उभा आहे आणि त्यात लोखंडाची एक सळी नाही. या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. इतकी वर्षं लोक समजत होते की गवंड्यांनी कालवण नीट घोटलं नाही. एमआयटीचे अदमीर मासिच आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये वेगळं कारण मांडलं. रोमन लोक चुना आधी विझवून घेण्याऐवजी कळीचा चुनाच राखेत मिसळत आणि मग पाणी घालत असावेत. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की काय उष्णता निघते, हे घर रंगवणाऱ्या जुन्या माणसांना विचारा. त्या उष्णतेत हे ठिसूळ खडे तयार होतात. पुढे कधी भेग पडली तर ती या खड्यांमधून जाते, पाणी शिरलं की खड्यातलं कॅल्शियम विरघळतं आणि भेगेत पुन्हा घट्ट बसतं.

सांगायला छान आहे, पण कळलं कसं? त्यांनी दोन प्रकारचे ठोकळे केले, एक कळीच्या चुन्याचे आणि एक त्याविना. दोन्हींना अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडली आणि त्यातून पाणी सोडलं. पहिल्यातून दोन आठवड्यांत पाणी वाहायचं थांबलं. दुसऱ्यातून वाहतच राहिलं. दुसरा ठोकळा नसता तर पहिल्याला फारसा अर्थ नव्हता. आता आपल्याकडे गडांवर चुन्याचे घाणे आहेत, चुन्यात गूळ नि हिरडा घालायच्या आठवणी आहेत, त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं’ म्हणायचा मोह होणार. रोमनांच्या मिश्रणात ज्वालामुखीची राख होती, आपल्या गवंड्यांची रीत निराळी. तटबंदीतला चुना त्याच पद्धतीने तपासावा आणि मग बोलावं.

माणसांचे असे दोन ठोकळे करता येत नाहीत, म्हणून वैद्यकात सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं.

नागीण आपल्याला नवी नाही. कमरेवर किंवा छातीवर एका बाजूने पुरळाचा पट्टा उठतो, आग होते, आणि घरातली जुनी माणसं काळजीने बघत राहतात की तोंड आणि शेपूट मिळतंय का. (मिळून माणूस दगावतो, हे खरं नाही. पट्टा एका बाजूला राहतो, कारण तो एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने येतो.) लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की पुन्हा डोकं वर काढतो. तीच नागीण. तिच्यावर लस आहे, आणि ती घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी दिसतो असं काही वर्षांपासून डॉक्टरांच्या लक्षात येत होतं.

तर मग प्रश्न मिटला? नाही. रंकाळ्यावर पहाटे फेऱ्या मारणारे आजोबा बघा. साखर तपासलेली, रक्तदाबाची गोळी वेळेवर, मुलगा किंवा सून डॉक्टरकडे नेणारी. साठीनंतर पैसे मोजून लस घेणारा माणूस बहुधा हाच असतो. त्याचा मेंदू शाबूत राहिला तर श्रेय लसीचं, फिरण्याचं, की घरात काळजी घेणारं कुणी आहे याचं? लस घेतलेले आणि न घेतलेले यांची नुसती तुलना करून हे कधीच कळत नाही. ‘अमुक खाणाऱ्यांना तमुक होत नाही’ छापाच्या बहुतेक बातम्या या एकाच खड्ड्यात पडतात.

वेल्समध्ये नशिबाने एक वाट सापडली. तिथल्या सरकारने १ सप्टेंबर २०१३ पासून ही लस द्यायला सुरुवात केली, पण साठा मर्यादित असल्याने वयाची रेषा आखली. २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लस मिळण्याचा हक्क, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. आता विचार करा. रेषेच्या अलीकडच्या आठवड्यात जन्मलेली म्हातारी आणि पलीकडच्या आठवड्यात जन्मलेली म्हातारी यांच्यात काय फरक? खाणं, शिक्षण, पैसा, फिरण्याची हौस, सगळं सरासरीने सारखंच. फरक फक्त लसीचा. एका बाजूला लस घेतलेले जवळपास शून्य, दुसऱ्या बाजूला एकदम ४७ टक्के. प्रयोग करावा म्हणून कुणी काही केलं नव्हतं, परिपत्रकानेच तो करून टाकला. स्टॅनफर्डच्या पास्काल गेल्डसेट्झर यांच्या गटाने २ लाख ८० हजारांहून जास्त वृद्धांच्या नोंदी तपासल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये निष्कर्ष छापला: सात वर्षांत लसीमुळे स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं. स्त्रियांमध्ये परिणाम जास्त दिसला. ऑस्ट्रेलियातही लसीसाठी जन्मतारखेची अशीच रेषा होती, तिथेही उत्तर त्याच दिशेचं आलं.

इथे पुन्हा जयंत नारळीकर आठवतात. २००८ मध्ये त्यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. निम्म्या पत्रिका हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या, कुठली कोणाची ते झाकलेलं. पत्रिका बघून ओळखा, एवढंच सांगितलं होतं. निकाल नाणं उडवून जेवढा लागेल त्याहून काही सरस लागला नाही. जन्मवेळेवरून माणसाचं पुढचं कळत नाही, हे त्यातून दिसलं. आणि सतरा वर्षांनी वेल्सच्या लोकांनी दाखवलं की जन्मतारखेवरून म्हातारपणातली स्मृती थोडीफार सांगता येते. फक्त ग्रह लागत नाहीत, आरोग्य खात्याचा बाबू पुरतो.

अर्थात हा अभ्यास ऐंशीच्या आसपासच्या लोकांचा आहे, आणि तेव्हाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. भारतात अलीकडे मिळू लागलेली नवी लस वेगळ्या प्रकारची आहे. ती नागिणीविरुद्ध जास्त प्रभावी आहे, पण वेल्सचा आकडा तिला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. आणि लस मेंदूला वाचवते ती विषाणूला दाबून ठेवते म्हणून, की एकूण प्रतिकारशक्तीला ढोसते म्हणून, याचा शोध चालू आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी नागिणीसाठी म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. नागीण बरी झाल्यावरही महिनोन् महिने राहणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना स्मृतिभ्रंशाचं आमिष लागणारच नाही.

राहिलं पर्यटन. ‘फिरायला गेल्याने वय हळू वाढतं’ ही बातमी २०२४ ची, ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठातून आलेली. मूळ लेखाचा मुद्दा साधारण असा: शरीरात अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढत जाणं म्हणजे म्हातारपण. प्रवासात नवी दृश्यं, चालणं, माणसांत मिसळणं होतं, त्याने ही अव्यवस्था रोखायला मदत होऊ शकते. वाईट अनुभवाचा प्रवास उलट परिणामही करू शकतो, हेही त्यात आहे. विचार म्हणून ठीक. पण हा मांडणीचा लेख आहे. त्यासाठी शंभर माणसांना सहलीला पाठवून आणि शंभरांना घरी ठेवून कुणी रक्त तपासलेलं नाही. गंमत म्हणजे कृष्णविवराच्या सीमेचं क्षेत्रफळ हे शास्त्रज्ञांच्या लेखी त्याच्या एन्ट्रॉपीचंच माप आहे. १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या वस्तूची एन्ट्रॉपी आकड्यात सांगता येते आणि पन्हाळ्याला जाऊन आलेल्या माणसाची नाही. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत हा लेख पुरावा म्हणून झळकला तर तेवढं लक्षात असू द्या.

पर्यटनावर मोजलेलं संशोधनही आहे, पण ते जाहिरातीच्या कामाचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातल्या या-येन सुन आणि सहकाऱ्यांनी देशोदेशीचे हिशेब जुळवून दाखवलं की २००९ ते २०१९ या काळात पर्यटनाचं कार्बन उत्सर्जन दरवर्षी ३.५ टक्क्यांनी वाढलं आणि जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या ८.८ टक्के झालं. त्यातलं तीन चतुर्थांश अवघ्या वीस देशांच्या खात्यावर आहे.

कोल्हापूरला या विषयात स्वतःचं काहीतरी करून बघायची संधी आत्ता चालून आली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात पन्हाळा आहे. याच जिल्ह्यातला भुदरगड त्यात नाही. दर्जा मिळाल्याने गर्दी, धंदा, कचरा, पाण्याचा ताण किती वाढला, की नुसतीच भाषणं वाढली, हे वेल्सच्याच धर्तीवर तपासता येईल. मात्र पन्हाळा आधीपासूनच सहलीचं ठिकाण, भुदरगडला जाणारे मोजके, त्यामुळे दोघांची थेट तुलना फसवी ठरेल. प्रत्येकाची आधीची चाल आणि नंतरची चाल बघून त्या दोन बदलांची तुलना करावी लागेल. शिवाजी विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला पुरेल एवढं हे काम आहे. पन्हाळ्याच्या नाक्यावर प्रवासी कर घेतात, त्याच्या पावत्यांचे आकडे हाताशी लागतील. भुदरगडला असा नाका नाही, तिथे पायथ्याशी बसून गाड्या मोजाव्या लागतील, आणि त्या मोजायला जितका उशीर होईल तितकी ‘आधी’ची बाजू लंगडी पडत जाईल.